पहिल्या नंबरचं पान

गुरुवार, ९ तारीख, सकाळी साडेनऊ

प्रिय ठमे,

टक् टक् ठाक, टक् टक् ठाक. आज उठल्यापासून हा आवाज कानात बसला आहे. तुझे आजोबा दुकानाच्या पायरीवर लाकडी हातोडीने कुकरचे पोचे काढत बसायचे आणि भिंतीपलीकडे आमचा चौथीचा वर्ग भरायचा. गुरुजींनी कविता म्हणायला सांगितली की आम्ही पोरं नकळत त्या हातोडीच्या ठेक्यावर म्हणायला लागायचो. गुरुजी कावायचे, "अरे, कविता आहे ती, पोचा नव्हे!" मला मात्र तेव्हापासून ठेक्याशिवाय काही आवडेनासंच झालं.

हे तू शंभरदा ऐकलं आहेस, ठाऊक आहे. पण सात महिन्यांनी पत्र लिहितो आहे, तर सुरुवात कुठून तरी करायला हवी.

फोन तू उचलत नाहीस, मेलचं काय होतं कळत नाही, म्हणून तुझ्या दुकानाच्या 'आमच्याशी संपर्क साधा' या चौकटीतून लिहितो आहे. चौकट ऑर्डर क्रमांक मागते. मी तुझी जन्मतारीख घातली. चालली.

काम किरकोळ आहे. तुझ्या एका गिऱ्हाइकाचा फोन नंबर किंवा पत्ता हवा आहे. तिने तुझ्याकडून मोठ्या कुकरची रिंग मागवली होती, असं ती म्हणते. नाव ठाऊक नाही. माझ्या ब्लॉगवर ती 'तिघांची आई' अशी सही करते. घाई अशी नाही, पण आजच मिळाला तर बरं होईल.

तब्येत ठीक. गुडघा आपल्या जागी आहे.

तुझा बाबा

गुरुवार, ९ तारीख, दुपारी सव्वाबारा

ठमे,

उत्तर आलं, पण तुझं नाही. 'आपला संदेश मिळाला. दोन कामकाजाच्या दिवसांत आम्ही उत्तर देऊ. आपला स्वयंपाक सुखाचा होवो!' हे यंत्रच लिहितं ना? शनिवार-रविवार तुझी सुट्टी, म्हणजे सरळ सोमवार. सोमवार उपयोगाचा नाही.

सकाळी मी घाई नाही म्हटलं ते खोटं होतं. घाई आहे. 

माझा तो सेफ्टी व्हॉल्व्हवरचा लेख आठवतो? ज्यावरून आपलं वाजलं तोच. त्याखाली काल त्या बाईंनी लिहिलं आहे ते जसंच्या तसं देतो:

'आजोबा, लेख वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या मोठ्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गेला आहे. मागे रिंग तुमच्या मुलीच्या दुकानातून मागवली होती, व्हॉल्व्हही तिथूनच घेणार होते. पण शोधलं तर पहिलं तुमचंच पान आलं. बरं झालं! कथील भरायचं वहीत उतरवून घेतलं आहे. माझा भाऊ रेडिओ दुरुस्त करतो, तो भरून देईल. रविवारी घरी पंधरा माणसं जेवायला आहेत, तेव्हाच लावीन. — तिघांची आई.'

वाचलंस? आता शोधयंत्रात जाऊन 'कुकर सेफ्टी व्हॉल्व्ह गेला तर काय करावं' असं टाकून बघ. सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत, चौकटीत, डॉक्टरने चिठ्ठी लिहून द्यावी तसं माझंच वाक्य दिसतं: 'व्हॉल्व्ह गेला की माझे बाबा त्याच्या भोकात कथलाचा एक थेंब सोडत, आणि कुकर पुन्हा वर्षभर गात राही.'

मी आठवण लिहिली होती ग, उपाय नव्हता लिहिला. पण चौकटीत आठवण आणि उपाय सारखेच दिसतात.

ती बाई मरेल, ठमे. व्हॉल्व्हच्या पोटात मऊ धातू असतो, तो तापला की वितळतो आणि वाफेला वाट देतो. तुला मी काय शिकवणार! तू दुधाचे दात पडायच्या आधी हे शिकलीस. कथील तेवढ्या तापाला वितळत नाही. त्यात शिट्टीची नळी तुंबली तर वाफेला एकच वाट उरते, झाकणासकट.

मी लगेच तिच्याखाली उत्तर लिहिलं, 'असं करू नका, जिवाला धोका आहे.' लेखाच्या डोक्यावर लाल अक्षरांत तेच घातलं. पण तिने वहीत उतरवून घेतलं आहे. वहीत उतरवल्यावर कोण परत पान उघडतं? आणि शोधात अजूनही जुनंच वाक्य दिसतं आहे. मी दर दहा मिनिटांनी बघतो आहे.

खालच्या चष्मेवाल्याला सांगितलं. तो म्हणतो, "काका, हजारो लोक वाचतात, सगळे थोडेच करतात? मी रोज वाचतो, गाजर खाल्लं की चष्मा जातो. मग माझं दुकान बंद पडलं का?" मी हसलो. वर येईपर्यंत तीन जिने होते, तिन्हींवर थांबलो.

नंबर दे. फोन मी करीन, बोलणी मी खाईन.

बाबा

शुक्रवार, १० तारीख, सकाळी आठ

ठमे,

आमच्या इमारतीत सकाळी किती कुकर लागतात, हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. काल मोजले. नऊ. वरच्या मजल्यावरची मास्तरीण घाईत असते, तिचा कुकर शिट्ट्या भराभरा टाकतो. शेजारच्यांचा मात्र फुसफुसत राहतो आणि शिट्टी काही होत नाही. तो फुसफुसायला लागला की मी उठून उभा राहतो. शिट्टी झाली की बसतो.

तू वाचते आहेस की नाही हे कळायला मार्ग नाही, म्हणून जे लिहायला हवं ते लिहून टाकतो.

भांडण माझ्यामुळे झालं. ब्लॉग तूच सुरू करून दिलास. म्हणालीस, "बाबा, तुम्ही लिहा, लोक वाचायला येतील आणि जाता जाता एखादी रिंग घेऊन जातील." मी लिहीत सुटलो. आणि लोक वाचायलाच यायला लागले. रिंग घ्यायला कुणी जाईना, कारण शोधलं की माझा लेख वर आणि तुझं विक्रीचं पान चार घरं खाली. तू केवढी समजावत होतीस! "बाबा, आपलीच दोन पानं एकमेकांच्या पायांत पाय घालताहेत. व्हॉल्व्ह शोधणाऱ्याला व्हॉल्व्ह हवा असतो, तुमचं बालपण नको असतं. लेख ठेवा, पण नाव बदला. आणि वरती दोन ओळी टाका, की व्हॉल्व्ह बदलायचा असेल तर इथे मिळेल."

आणि मी काय म्हणालो? "कवितेच्या डोक्यावर दुकानाची पाटी लावू?"

तू म्हणालीस, "कविता नाहीये ती, कुकरवरचा लेख आहे."

त्यावर मी जे बोललो ते पुन्हा लिहीत नाही. तुझ्या चेहऱ्यावरून मला तेव्हाच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तू माझं सगळं लिखाण वेगळ्या पत्त्यावर हलवून दिलंस, किल्ली हातात दिलीस आणि दुकान घेऊन गेलीस.

आता पुढचं. वेगळं झाल्यावरही माझंच पान वर राहिलं, आणि मला त्याचा आनंद व्हायचा, ठमे. सकाळी दात घासायच्या आधी मी शोधून बघायचो. जुन्या गिऱ्हाइकांना, शाळेतल्या मित्रांना सांगायचो, माझ्या लेखाचा दुवा पाठवा, जिथे जमेल तिथे लावा. तेवढ्याने पान वर राहतं, हे तूच शिकवलं होतंस. तुझीच विद्या तुझ्यावर. आणि मग दुकानाच्या मेलवर तुला चित्रं पाठवायचो, 'आजही बाबा पहिला, लेक पाचवी.' किती वेळा पाठवली असतील? मला वाटायचं तू चिडून तरी उत्तर देशील.

त्या बाई व्हॉल्व्ह घ्यायलाच निघाल्या होत्या. तुझं पान वर असतं तर आज तो त्यांच्या दारात पोचला असता.

बाबा

शुक्रवार, १० तारीख, दुपारी तीन

पार्सलच्या तक्रारीसाठी तुझ्या पानावर जो नंबर आहे, त्यावर फोन केला. पॅकिंगवाल्या बाईंनी उचलला. मी नाव सांगायच्या आधीच त्यांनी आवाज ओळखला.

"काका, तुम्ही? तुमचे मेसेज मॅडमना दाखवायचे नाहीत, असं सांगून ठेवलंय."

"मी चित्रं पाठवत होतो म्हणून ना?"

"ते मला काय ठाऊक! पण कालपासून तीन आलेत. लांबलचक."

"वाचलेत का?"

"पहिला वाचला. गुडघ्यापर्यंत. मग पार्सलं आली."

"बाई, पुढचे वाचा. हात जोडतो. कुणाच्या तरी घरात कुकर फुटणार आहे."

 मग म्हणाल्या, "काका, रागावू नका हं. पण मॅडमनी फोन घ्यावा म्हणून तर नाही ना हे?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. पंचाहत्तरी गाठली, आणि माझ्या भीतीवर विश्वास ठेवील असं एकही माणूस मी मागे ठेवलेलं नाही. मी एवढंच म्हणालो, "तसं वाटलं तर तसं समजा. पण तिला दाखवा."

"मॅडम माल बघायला बाहेरगावी गेल्यात. परवा येतील."

परवा रविवार आहे, हे मी त्यांना सांगितलं. बहुतेक ओरडून सांगितलं. माझ्या वतीने माफी माग.

शनिवार, ११ तारीख, सकाळी सात

ठमे,

एक गोष्ट अजून लिहिली नव्हती. लिहायची नाही असंच ठरवलं होतं. पण काल दिवसभर मनात आलं, तू वाचलंस आणि तुला वाटलं की म्हातारा उगाच घाबरतो आहे, तर? मी उगाच घाबरत नाही. मी ते पाहिलं आहे.

तुझ्या आजोबांनी उभ्या जन्मात कुठल्या व्हॉल्व्हमध्ये कथील भरलं नाही. ते म्हणायचे, "व्हॉल्व्ह गेला तर व्हॉल्व्ह घाला, नाहीतर पातेल्यात शिजवा." कथील मी भरलं होतं. चौदा वर्षांचा होतो. आजोबा बाजारात गेले होते, आपल्याच घरचा कुकर होता आणि मला कारागिरी दाखवायची होती. थेंब असा गोल बसला की मीच बघत राहिलो. लेखात ते काम मी आजोबांच्या नावावर टाकलं, कारण हातोडीच्या परिच्छेदानंतर तिथे तेच शोभत होते.

आणि कुकर वर्षभर गायला नाही. अकरा दिवस गायला. बाराव्या दिवशी तुझी आत्या चुलीशेजारी बसून बटाटे सोलत होती, नळीत काहीतरी अडकलं, आणि झाकण छताला जाऊन लागलं. तो आवाज मला सांगता येणार नाही. आवाजानंतर ती ओरडलीच नाही. माझ्याकडे बघत राहिली, आणि सोललेला बटाटा तिच्या हातात तसाच होता. आत्याचा डावा कान लहानपणी तापात गेला, मानेवरचे डाग देवीचे आहेत, असं तुला सांगितलं ना? तसं सांगायचं हे तिनेच ठरवलं. आजोबांनासुद्धा तिने सांगितलं की शिट्टीवर तिनेच फडकं टाकलं होतं. माझं नाव तिने आजपर्यंत घेतलं नाही.

आता सगळ्यांत वाईट ते ऐक. लेख पहिल्यांदा लिहिला तेव्हा त्या वाक्यापुढे मी लिहिलं होतं, 'बाराव्या दिवशी त्याच कुकरने माझ्या बहिणीचा कान नेला.' मग लेख मोठ्याने वाचून बघितला. परिच्छेद 'गात राही'वर फार सुरेख थांबत होता. पुढच्या वाक्याने ठेका मोडत होता. मी ते खोडलं.

ठेक्यासाठी खोडलं, ठमे. लाज वाटली म्हणून खोडलं असतं तरी एकवेळ चाललं असतं.

काल संध्याकाळी तो लेख मी काढून टाकला. पूर्ण. आता शोधात तुझं पान वर येईल, एकदोन दिवस लागतील म्हणतात. पण त्या वहीतून तो कसा काढू?

शनिवार, ११ तारीख, दुपारी दीड

तुझं उत्तर आलं! पॅकिंगवाल्या बाईंना माझा नमस्कार सांग, त्यांनी तुझा हुकूम मोडला.

तुझी चार वाक्यं मी इतक्या वेळा वाचली की पाठ झाली आहेत. 'बाबा, वाचलं. मोठ्या रिंगच्या ऑर्डरी गेल्या वर्षभरात एकोणीस. प्रत्येकाला फोन करते आहे. तुम्ही शांत बसा आणि आता काही लिहू नका.'

शांत बसतो. लिहू नको म्हणालीस तरी लिहितो आहे, कारण हात रिकामा ठेवून बसवत नाही. आत्याबद्दल तू काही म्हणाली नाहीस. बरोबर आहे, आधी फोन.

शनिवार, ११ तारीख, संध्याकाळी सहा

अठरा जणांशी बोलणं झालं आणि त्यांपैकी कुणीच नाही, म्हणजे एकोणिसावी तीच. ती फोन उचलत नाही. तू म्हणतेस नंबर जुना असेल. पत्ता आहे तुझ्याकडे. तू जिथे आहेस तिथून पहिल्या बसने सकाळी निघणार आणि बरोबर नवा व्हॉल्व्ह नेणार. 'साडेदहापर्यंत पोचेन. पंधरा माणसांचं जेवण आहे, त्याआधी कुकर चढणार नाही.'

चढू शकतो. पंधरा माणसांचं जेवण म्हणजे बाई पहाटेपासून लागते.  मघाशी तुझा फोन आला तेव्हा हे बोललो नाही. सात महिन्यांनी तुझा आवाज ऐकला, आणि मी फक्त "हो, हो" म्हणत होतो. तू विचारलंस, "बाबा, जेवलात का?" आणि मला रडू आलं. तुला वाटलं फोन कट झाला.

रविवार, १२ तारीख, सकाळी साडेनऊ

तू बसमध्ये असशील. मी खिडकीशी आहे. आज इमारतीत नऊचे अकरा कुकर झाले आहेत, सुट्टी आहे ना. प्रत्येक शिट्टीला जीव भांड्यात पडतो, आणि दोन शिट्ट्यांच्या मध्ये तो कुठे असतो विचारू नकोस.

शाळेतली एखादी कविता म्हणून मन रमवावं म्हटलं. चाल आठवते, शब्द नाहीत. पंचाहत्तर वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तिघांची आई. तीन मुलं असतील म्हणून तसं नाव घेतलं असेल. मुलं स्वयंपाकघरातच घुटमळतात. भूक लागली, भूक लागली म्हणत ओट्याला लोंबकळतात. तू अशीच लोंबकळायचीस.

रविवार, १२ तारीख, सकाळी दहा चाळीस

ठमे, हे काय पाठवलंस?

'पोचले. दाराला कुलूप. शेजारी म्हणतात सगळे सकाळी सातलाच घाईघाईने रिक्षाने गेले. कुठे ते माहीत नाही.'

घाईघाईने कुठे? पंधरा माणसं जेवायला असताना घरच्या बाईने सकाळी सातला कुलूप का लावावं? दवाखाने विचार. आधी जवळचे, मग मोठे. शेजाऱ्यांनी काही आवाज ऐकला का ते विचार. नीट विचार, काही लोकांना वाटतं टायर फुटला. स्वयंपाकघराची खिडकी मागच्या बाजूला असेल, काच बघ. छत दिसलं तर छत बघ.

मी फोन करतो आहे, तुझा लागत नाही. तू दवाखान्यांना लावत असशील. लाव, लाव. मी मध्ये येत नाही.

सातला म्हणजे बहुतेक सहाला झालं असेल. मी सहाला काय करत होतो? दूध तापवत होतो.

रविवार, १२ तारीख, सकाळी अकरा दहा

बेल वाजते आहे. चष्मेवाला असेल, मला बघायला. उघडत नाही. काय सांगू त्याला? पण हा माणूस बेलवरचं बोट काढत नाही. थांब.

ठमे, तू जिथे असशील तिथे थांब आणि हे वाच. उभ्याउभ्या लिहितो आहे, चुका समजून घे.

दारात एक बाई आहे. चाळिशीची, घामाघूम. मागे जिन्यात तीन मुलं, त्यांच्या मागे एक गृहस्थ आणि आणखी कितीतरी माणसं, पार खालच्या वळणापर्यंत. बाईच्या कडेवर फडक्यात बांधलेला मोठा कुकर आहे, तान्ह्या मुलासारखा.

म्हणाली, "तुम्हीच ना ते कुकरचे आजोबा? लेखाखाली तुमच्या घरचा पत्ता होता, तोही वहीत उतरवला होता. दोन बस बदलून आलो. कथील भरलंय, पण माझी छाती होईना लावायला. आमचे हे म्हणाले, एवढी भीती वाटते तर ज्यांनी लिहिलंय त्यांच्याच समोर लावू. पाहुण्यांनाही इकडेच घेऊन आले, जेवण बरोबर आहे, फक्त बटाटे उकडायचेत. आजोबा, तुम्ही असे का बघताय?"

 मी कुकर तिच्या हातांतून काढून घेतला आहे, पोटाशी धरला आहे आणि एका हाताने तुला लिहितो आहे. झाकण बघितलं. भावाने थेंब फार सुबक बसवला आहे.

तू त्यांच्या कुलपासमोर उभी आहेस आणि ती माझ्या दारात. नवा व्हॉल्व्ह तुझ्या पिशवीत आहे, ठमे. माझ्याकडे एकही नाही. इकडे ये. तू येईपर्यंत मी हा कुकर खाली ठेवत नाही.

ती विचारते आहे, "आजोबा, गॅस कुठे आहे?"